नवलाई जल्लोषनगरीला निघते

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर दत्तात्रेय नाटेकर वाहतूक नियंत्रक होता. दिवसभर काचेच्या खोलीत बसून तो माइकवरून सगळ्या जगाला कुठं ना कुठं पाठवत असे. कोल्हापूर, पणजी, अक्कलकोट, बोरिवली अशा सगळ्या गाड्या त्याच्या तोंडून सुटायच्या, आणि संध्याकाळी तो स्वतः मात्र निमूटपणे आरे-वारेच्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीत परत यायचा. आवाज असा भारदस्त, की चुकीच्या फलाटावर गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरला त्यानं झापलं की बाकावर बसलेले प्रवासीही पाय जवळ घेऊन बसायचे. त्यामुळे त्याच्या दहा वर्षांच्या दिशाची पक्की समजूत होती की आपला बाबा जगात कुणालाही घाबरत नाही. शाळेत ती हे ठणकावून सांगायची.

खरी गोष्ट अशी होती की पाय जमिनीवरून सुटले की या गृहस्थाचं काही खरं नसे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याला घाम फुटायचा. जत्रेतला पाळणा लांबून दिसला तरी तो वाट बदलायचा. एस.टी.त बसायला हरकत नव्हती, कारण पायाखाली पत्रा असतो आणि पत्र्याखाली रस्ता. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला कळू दिली नव्हती, निदान त्याला तसं वाटत होतं. घरच्या पडवीत सागवानी झोपाळा होता खरा, पण दत्तात्रेयाचं नशीब असं थोर, की भार्गवी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून त्या झोपाळ्यावर बारा महिने काहीतरी वाळत पडलेलं असायचं. उन्हाळ्यात आमसुलं, पावसाळ्यात उघडलेल्या छत्र्या, थंडीत कुळीथ. बायकोला झोपाळ्याचा हा एवढा एकच उपयोग ठाऊक आहे, याबद्दल तो मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा.

अशा सुखात चाललेल्या संसारात २००२ सालच्या गणपतीत मुकुल आला. मुकुल म्हणजे भार्गवीचा धाकटा भाऊ, डोंबिवलीला नोकरीला. येताना त्यानं मोदकांचे साचे आणले, उदबत्त्या आणल्या आणि एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका आणली. पनवेलच्या पुढं डोंगरात म्हणे नवीन काहीतरी झालं होतं, नाव जल्लोषनगरी. आत शिरलं की दिवसभर नुसती मजा करायची, दुसरं काही करायचंच नाही. पुस्तिकेत लोखंडी रुळांचं एक भेंडोळं आकाशात उभं होतं, आणि त्याच्यावरच्या डब्यांत माणसं डोकी खाली, पाय वर करून तोंडं वासून बसली होती. ती हसताहेत की बोंबलताहेत, हे फोटोवरून काही कळत नव्हतं.

“दिवाळीच्या सुट्टीत या सगळे,” मुकुल म्हणाला. “मी पनवेलला गाठतो तुम्हाला.”

दिशा पुस्तिका घेऊन बापाच्या मांडीवर येऊन बसली. “बाबा, पहिल्या डब्यात आपण दोघं बसायचं. तू आणि मी. चालेल?”

त्या वेळी दत्तात्रेयाच्या तोंडात मोदक होता, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. “बसू की,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दिशानं ही बातमी सगळ्या वर्गाला सांगितली. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी स्टँडवर त्याला थांबवून शाबासकी दिली.

झालं, तेव्हापासून त्याची झोप उडाली. एक मन म्हणायचं, जावं. जन्मभर लोकांना गाड्यांत बसवून दिलं, पण बायकोला आणि पोरीला गणपतीपुळ्याच्या पलीकडे कधी नेलं नाही. भार्गवीनं ती पुस्तिका पोळपाटाशेजारी ठेवून पोळ्या लाटताना वाचलेली त्यानं पाहिली होती. तिच्यावर पिठाची बोटं उमटली होती. ती बोटं बघून त्याला स्वतःची लाज वाटली होती. दुसरं मन फक्त डब्यातल्या उलट्या माणसांकडे बघायचं आणि गप्प व्हायचं. पहिल्या डब्यात आपण दिशाच्या शेजारी बसलोय आणि आईगं म्हणून किंचाळतोय, नाहीतर ऐन वेळी पोट दुखायचं सोंग करून खाली उभे आहोत, आणि पोर आपल्याकडे बघतेय. ती कशा नजरेनं बघेल, याच्या पुढं त्याचा विचार जात नसे. एका दुपारी तर माइकवर तो बोलून गेला, “फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी कुठंच जाणार नाही, प्रवाशांनी पहिल्या डब्यात बसू नये.” प्रवासी बिचारे खरोखरच खाली उतरले.

आणि मग त्याला कौल आठवला.

वाडीत कुठलीही मोठी गोष्ट नवलाईदेवीला विचारल्याशिवाय होत नसे. विहीर खणायची, मुलगी द्यायची, ऑपरेशन करायचं, आधी देवळात जायचं. बाळा गुरव देवीला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे काय हवं-नको ते मोठ्यानं सांगायचा. मग फुलाच्या ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवायच्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिसरी पाकळी कपाळावर लावायची, पण ती नुसती मानाची. ती काही पडत नसे.

दत्तात्रेयानं सरळ हिशेब केला. प्रवास लांबचा आहे, तेव्हा कौल लावणं रीतीला धरूनच. आणि देवीला जर सगळं खरंखरं, तपशीलवार सांगितलं, तर कुठलीही शहाणी देवी नाहीच म्हणेल. मग दिशा रडेल, पण देवीवर रडेल. आपण तिला जवळ घेऊ आणि गणपतीपुळ्याला नेऊन उंटावर बसवू. उंटावर तिला एकटीलाच बसवतात, हेही त्याच्या ध्यानात होतं.

रविवारी सकाळी तिघं देवळात गेली. देवळात रोज झाडू मारायला येणारी सोनूबाई खांबाला टेकून बसली होती. बाळा गुरव हा दत्तात्रेयाचा शाळेतला सोबती, त्यामुळे गाभाऱ्यातही अरे-तुरे चालायचं.

“कशाचा कौल?” बाळानं सोवळं सावरत विचारलं.

“जल्लोषनगरीचा.”

“ता काय आसतं? नीट सांग. देवीस अर्धवट सांगून चालत नाय. मागं एकानं नुसतं ‘गाडी घेऊ का’ विचारलान, देवीनं होय म्हटलान, आणि त्यानं बैलगाडीच्या जागी रिक्षा घेतलान. अजून फेडतोय.”

दत्तात्रेयाला हेच हवं होतं. त्यानं पुस्तिका उघडून देवीच्या पायाशी ठेवली आणि माइकवरच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. “माणसांना लोखंडी खुर्चीत बसवतात. छातीवर आडवा दांडा टाकून कुलूप लावतात. मग माडाच्या दुप्पट उंच नेतात आणि तिथून सोडून देतात.”

बाळाचा हात हवेतच राहिला. “कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे?”

“गुन्हा काय केलेला आसतो त्यांनी?”

“काही नाही. आपण होऊन बसतात. रांग लावतात त्यासाठी.”

“अगो बाय,” सोनूबाई म्हणाली आणि जवळ सरकली.

“बरं, सोडलं. मग पुढं गाडी जाते कुठं?”

“कुठंच नाही. उलटीसुलटी फिरते आणि जिथून निघाली तिथंच परत येऊन थांबते.”

हे सांगताना दत्तात्रेयातला नियंत्रक मनापासून दुखावला गेला. सुटण्याचं ठिकाण आणि पोचण्याचं ठिकाण एकच, मध्ये एकही थांबा नाही, आणि तरी गाडी रोज भरलेली. तो स्वतः रिकाम्या गाड्या राजापूरला पाठवून थकला होता.

बाळा विचारात पडला. त्याची अडचण वेगळीच होती. त्याच्याकडे प्रवासाचं गाऱ्हाणं होतं, लग्नाचं होतं, जमिनीचं होतं, आजारपणाचं होतं. पण जी गाडी कुठं जातच नाही तिला प्रवास कसं म्हणायचं? आजारी कुणी नाही, जमीन कुणाची नाही. शेवटी त्यानं आणि सोनूबाईनं मिळून असं ठरवलं की ज्या अर्थी माणूस स्वतःला उलटं टांगून घेतो, बोंबलतो आणि वर दक्षिणा देऊन घरी येतो, त्या अर्थी हा नवसच. कुणाचा, ते पुढं बघता येईल. सोनूबाईनं पुस्तिकेतल्या लोखंडी भेंडोळ्याला हळदकुंकू वाहिलं.

बाळानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि आवाज लावला. “हे आई नवलाई, डोंगराच्या आणि दर्याच्या मालकिणी! आज तुझा लेक दत्तात्रेय बायकापोरासकट तुझ्या पायाशी उभा आहे.”

“होय महाराजा!” सगळ्यांनी साथ दिली.

“ही तुझी लेकरं, काही गुन्हा नसताना, आपण होऊन, लोखंडी खुर्चीत बसून, कुठंच न जाता परत यायला निघाली आहेत!”

“होय महाराजा!” या वेळी आवाज जरा बिचकत आला.

“ती जाऊ देत का राहू देत, काय ता तुझ्या मनातलं सांग!”

“होय महाराजा!”

समईची वात तडतडली. दत्तात्रेय डाव्या खांद्याकडे टक लावून बघत होता. दिशा उजव्या खांद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ते ओठ बघून दत्तात्रेयाला एकदम गलबलून आलं. आपण पोरीच्या विरुद्ध देवीला उभं करतोय असं त्याला वाटलं, आणि क्षणभर त्यानंही उजवीकडे बघितलं. पण डावी हलेना, उजवीही हलेना. बराच वेळ गेला. सोनूबाईला डुलकी लागली. आणि मग, जी पाकळी पडत नसते ती, कपाळावरची मानाची पाकळी, सुटली आणि अलगद देवीच्या ओटीत पडली.

बाळा गुरव चांगला हादरला. त्याच्या वडिलांनी असं कधी पाहिलं नव्हतं आणि आजोबांनी सांगितलं नव्हतं. तो थोडा वेळ डोळे मिटून बसला, मग उठून म्हणाला, “दत्ता, होय पण नाय आणि नाय पण नाय. देवी म्हणते, मी पण येतंय.”

“कुठं?”

“तुमच्याबरोबर. लोखंडी खुर्चीत काय आसतं ता बगायला.”

“यील नायतर काय,” सोनूबाई डोळे चोळत म्हणाली. “किती वर्सं एकाच जागी बसून हाय ती. तिलापण वाटत आसंल.”

आता देवी यायची म्हणजे कशी, यालाही वाडीत रीत होती. मिरकरवाड्याला कुणी नवा ट्रॉलर पाण्यात उतरवला की नवलाईचा नारळ पहिल्या फेरीला जायचा. लाल फडक्यात बांधलेला तो नारळ म्हणजे साक्षात देवीच. बाळानं नियम सांगितले. नारळ घरच्या कर्त्या पुरुषानं सांभाळायचा. तो भुईला टेकता नये, खुंटीला टांगता नये, उंबऱ्याबाहेर पडल्यापासून परत गाभाऱ्यात येईपर्यंत अंगापासून दूर करता नये. फार तर घरच्या लक्ष्मीच्या ओटीत द्यायचा.

हे ऐकता ऐकता दत्तात्रेयाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. देवीनं नकार दिला नव्हता, पण त्याहून भारी काहीतरी दिलं होतं. तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “म्हणजे देवी माझ्या हातात असताना मला त्या भानगडीत बसताच येणार नाही. उलटंपालटं झालो तर देवीचा अवमान. मी आपला खाली उभा राहीन.”

भार्गवीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. दिशा मात्र बापाचा हात सोडून देवळाबाहेर जाऊन उभी राहिली. घरी जाताना ती त्याच्या दहा पावलं पुढं चालत होती. दत्तात्रेयाची सुटका झाली होती. त्या रात्री तो गाढ झोपला आणि सकाळी उठला तेव्हा त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं. आपल्या ताटलीतलं आंबोळीचं शेवटचं टोक दिशा रोज त्याच्या ताटात टाकायची; त्या दिवशी तिनं ते स्वतःच खाल्लं. एवढ्याशा गोष्टीचं माणसाला इतकं लागावं हे त्याला खरंच वाटेना.

दोन-चार दिवस असे अबोल्यात गेले. मग एके संध्याकाळी तो स्टँडवरून येतोय तर दिशा वाटेत दप्तरासकट उभी. “बाबा, चल. मला देवीला एक विचारायचंय.”

“काय?”

“तिथंच सांगते. देवीला अर्धवट सांगून चालत नाही.”

बाळा गुरव समई लावत होता. दिशानं चपला काढल्या, घंटा वाजवली आणि हात जोडून म्हणाली, “बाळाकाका, देवी येते म्हणाली. पण कशाला येते ते आपण विचारलंच नाही. खाली उभं राहून बघायला येतेय, की बसायला?”

बाळानं दत्तात्रेयाकडे बघितलं. दत्तात्रेयानं बाळाकडे बघितलं. शाळेपासूनची मैत्री, पण बाळा देवीच्या बाबतीत कुणाचं ऐकणारा नव्हता.

“पोरीचा प्रश्न रास्त हाय,” तो म्हणाला आणि त्यानं पाकळ्या भिजवल्या. “बसायचं आसंल तर उजवी, बगायचं आसंल तर डावी.”

दत्तात्रेयानं डोळे मिटले आणि आयुष्यात केली नव्हती इतकी कळवळून प्रार्थना केली. गाऱ्हाणं अर्ध्यावरही आलं नव्हतं तोच दिशा ओरडली, “पडली! उजवी!” देवी बहुधा कुणी विचारण्याचीच वाट बघत होती. आणि देवी बसणार म्हणजे जो देवीला धरणार तो बसणार, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. दिशानं बापाच्या कमरेला मिठी मारली. “पहिल्या डब्यात, हां!”

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाटेकर कुटुंब नवलाईसह निघालं. गाडीच्या कंडक्टरनं नियंत्रकसाहेबांचा मान म्हणून नारळाला खिडकी देऊ केली, पण नियमाप्रमाणे नारळ दत्तात्रेयाच्या मांडीवर बसला आणि खिडकी रिकामी राहिली. पनवेलला मुकुल भेटला. “भावोजी, हा नारळ कशाला? तिथं सगळं खायला मिळतं,” तो म्हणाला. भार्गवीनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानंतर तो नारळाला वाकून नमस्कार करून जरा अंतर ठेवूनच चालायला लागला.

जल्लोषनगरीच्या फाटकावर निळ्या गणवेशातला रखवालदार पिशव्या तपासत होता. “बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत,” तो नारळाकडे बोट दाखवून म्हणाला.

“हे खाद्य नाही. ही आमची नवलाई,” दत्तात्रेय म्हणाला, आणि परत पाठवतात की काय या आशेनं त्याच्या जिवात थोडा जीव आला.

“नवलाई?” रखवालदार उभा राहिला. “कुठली? मी खेडचा. आमचीपण नवलाईच.” त्यानं टोपी काढली, नारळाला हात लावून कपाळाला लावला आणि साखळी उघडून मोठ्यानं म्हणाला, “जाऊ द्या, जाऊ द्या, देवी हाय!” मागच्या रांगेतल्या एका गुजराती आजींनी काही न विचारता एक रुपयाचं नाणं फडक्यात खोचलं.

लोखंडी भेंडोळं पुस्तिकेत होतं त्याच्याहून मोठं होतं. वरून डबे आले की जमीन थरथरायची आणि किंकाळ्यांचा एक लोट अंगावरून जायचा. ते हसत होते की बोंबलत होते, हा प्रश्न आता निकालात निघाला. रांगेच्या तोंडाशी एक रंगवलेली फळी उभी होती, तिच्यावर आडवी रेघ आणि खाली लिहिलेलं: या रेघेपेक्षा कमी उंचीच्यांना प्रवेश नाही.

दत्तात्रेयानं ती फळी वाचली आणि त्याला शेवटची आशा दिसली. त्यानं नारळ फळीशेजारी, भुईपासून वीतभर वर धरला. “हे बघा, देवी उंचीत बसत नाही,” तो तिथल्या पोरसवदा कर्मचाऱ्याला म्हणाला. “नियम म्हणजे नियम. मी स्वतः खात्यात आहे.”

कर्मचारी गोंधळला. त्यानं त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेबानं नारळाकडे बघून विचारलं, “वय किती यांचं?”

“वाडी वसली त्याच्या आधीपासूनची आहे,” दिशानं सांगितलं.

साहेबानं थोडा विचार केला. “मग मोठ्या माणसात धरा. उंचीचा नियम लहान मुलांसाठी आहे.” आणि तो निघून गेला.

रांग पुढं सरकली. दत्तात्रेय नारळ छातीशी धरून इंचाइंचानं सरकत होता. तेवढ्यात भार्गवी त्याच्या जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “अहो, द्या देवी इकडे. मी बसते दिशाबरोबर.”

“तू? का म्हणून?”

“का म्हणून काय? इतकी वर्षं झोपाळ्यावर मी आमसुलं कशाला पसरतेय असं वाटतं तुम्हाला? मागीलदारी ढीगभर ऊन पडतं आपल्याकडे.”

दत्तात्रेय तिच्याकडे बघतच राहिला. छत्र्या, कुळीथ, आमसुलं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला झोपाळ्यावर बोलावलं होतं आणि तो काहीतरी काम काढून उठून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून झोपाळा भरलेला. ती एका शब्दानं बोलली नव्हती, आणि तो इकडे आपलं नशीब थोर म्हणून फिरत होता. त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण हातात देवी होती.

त्यानं नारळ तिच्या ओटीत द्यायला पुढं केला. घरच्या लक्ष्मीच्या ओटीत चालतो, बाळानंच सांगितलं होतं. आणि त्याच वेळी त्याचा दुसरा हात कुणीतरी घट्ट पकडला. खाली बघितलं तर दिशा. ती वर सुटणाऱ्या डब्यांकडे बघत होती. चेहरा पांढराफटक, हाताचा तळवा ओला.

“बाबा,” ती म्हणाली, “देवीला परत एकदा विचारायचं का?”

हा तळवा दत्तात्रेयाच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याचा स्वतःचा तळवा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर असाच व्हायचा. पोरीला आता न घाबरणारा बाप काही उपयोगाचा नव्हता. तिला असा कुणीतरी हवा होता ज्याला यातली खडान्खडा माहिती आहे, आणि या एका विषयात सबंध जल्लोषनगरीत त्याच्याइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. भार्गवीला बिचारीला भीती म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ती विहिरीच्या काठावर बसून भांडी घासायची.

“विचारायचं नाही,” तो म्हणाला. “देवीची फार वर्षांची इच्छा आहे.” त्यानं नारळ शर्टाच्या आत घातला, वरून बटणं लावली आणि पोट पुढं काढून पहिल्या डब्यात जाऊन बसला. दांडा खाली आला तेव्हा नारळ बरगडीत रुतला. दिशा त्याला चिकटून बसली.

डबा कुरकुरत वर चढायला लागला. झाडं खाली गेली, छपरं खाली गेली, भार्गवी आणि मुकुल खाली गेले. दत्तात्रेयाचे पाय अधांतरी लोंबत होते. टोकाला येऊन डबा थांबला, अगदी क्षणभर, आणि समोर रूळ दिसेना. दिशा हुंदका देऊन म्हणाली, “बाबा, मला नको.”

दत्तात्रेयानं छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला, आणि कुठून कोण जाणे, स्टँडवरचा तो आवाज लागला. “हे आई नवलाई! डोंगराच्या आणि दर्याच्या मालकिणी!”

“होय महाराजा!” दिशा सवयीनं बोलून गेली.

“तुझा लेक दत्तात्रेय आणि त्याची पोर दिशा, काही गुन्हा नसताना इथवर आली आहेत!”

“होय महाराजा!” हा आवाज मागच्या डब्यातून आला. दिवाळीची सुट्टी होती. कोकणातली माणसं कुठं नसतात?

“त्यांना सांभाळून घे आणि जिथून निघाली तिथं सुखरूप आणून सोड!”

“होय महाराजा!” आता सगळे डबे ओरडले, आणि गाडी सुटली. पुढचं गाऱ्हाणं कुणालाच कळलं नाही. दत्तात्रेय किंचाळला, मनसोक्त किंचाळला, आईला हाक मारली, बाळा गुरवाला शिव्या घातल्या, आणि एका वळणावर उलटा असताना त्यानं सगळ्या ड्रायव्हर लोकांची क्षमा मागितली. दिशा त्याच्या दंडाला डोकं लावून किंचाळत होती. दोघांचे आवाज असे एकमेकांत मिसळले की कुठला कुणाचा ते सांगता येईना.

गाडी जिथून निघाली तिथंच येऊन थांबली. दत्तात्रेयाला कर्मचाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. तो बाकावर बसला, शर्टाची बटणं काढून नारळ बाहेर घेतला, आणि मग शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून सकाळचे पोहे काढून टाकले. दिशानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नारळ तिनं अलगद आपल्या मांडीवर घेतला होता. नियम मोडला, पण देवीनं समजून घेतलं असावं.

“बाबा, देवी घाबरली होती का रे?”

दत्तात्रेयानं रुमालानं तोंड पुसलं.

“घाबरली होती,” तो म्हणाला. “खूप.”

दिशानं मान डोलावली आणि तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

नारळ गाभाऱ्यात परत गेला. बाळा गुरवानं तो कानाशी हलवून बघितला, आतलं पाणी नीट वाजतंय याची खात्री केली आणि मगच देवीपुढं ठेवला. घरी आल्यावर भार्गवीनं झोपाळ्यावरचं कुळीथ पसरलेलं सूप उचललं आणि मागीलदारी उन्हात नेऊन ठेवलं. पडवीतला झोपाळा इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामा झाला. कड्यांवर गंज चढला होता.

संध्याकाळी दत्तात्रेय येऊन त्याच्यापुढं उभा राहिला. मग तो बसला. दोन्ही हातांनी कड्या धरल्या आणि पायांचे अंगठे जमिनीला टेकवून ठेवले. भार्गवी त्याच्या शेजारी येऊन बसली. दिशा मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं पाटावर हात ठेवले.

“हळू हां,” दत्तात्रेय म्हणाला. “मला भीती वाटते.”

“होय महाराजा,” दिशा म्हणाली, आणि तिनं अगदी हळू झोका दिला.